निर्वासितांसाठी कायदा हवाच
आज विश्रामबागला आमची बैठक झाली, खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा पक्का करायचा होता. घरी आलोय पण डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय.

बऱ्याच जणांना वाटतं निर्वासितांसाठी कायदा असेलच की. नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्याला जोडलेल्या १९६७ च्या प्रोटोकॉलवरपण नाही, त्यामुळं जीव वाचवून पळून आलेला माणूस आणि व्हिसा संपूनही राहिलेला माणूस, कायद्यात दोघंही नुसते परदेशी. तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेतल्या तमिळांना दुसरी, रोहिंग्यांना तिसरीच. १९९६ ला अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, पण दरवेळी कोर्टात कोण आणि कसं जाणार? २०२२ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत निर्वासितांसाठी खासगी विधेयक (सरकारनं नाही, खासदारानं स्वतः मांडलेलं) मांडलं, त्याचा कायदा काय झाला नाही.

एका काकूंनी विचारलं, "आपल्याच पोरांना नोकऱ्या नाहीत, ह्यांचं काय घेऊन बसलाय?" प्रश्न रास्त आहे, टाळून चालणार नाही. मग कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा विषय निघाला, १९४३ ते ४८ तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि लहान पोरं. काकू एकदम म्हणाल्या, "व्हय, माझं माहेर रुकडीचं, आजी सांगायची त्यांचं." आणि त्यांनी सही केली, मला फार बरं वाटलं!

नोंदणी, अपिलाचा हक्क, पोरांची शाळा आणि जिथं जिवाला धोका आहे तिथं परत न पाठवणं, एवढ्या मागण्या आहेत. रविवारी निवेदन देतोय, सही करायची असेल तर मेसेज करा.