पद्मिनीच्या कामाची नोंद: हेडलाइट, पायाखालचा पत्रा आणि पावसाळ्याआधीचे रविवार

बाबांनी १९८९ साली घेतलेल्या आमच्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसी इंजिन मागील नोंदीच्या वेळी सुरळीत चालू लागले होते. तरीही गाडी दिवसाउजेडीच वापरता येत होती. रात्री हेडलाइट लावले की समोर एक पिवळसर धूसर पट्टा तेवढा दिसत असे आणि समोरून येणाऱ्या गाडीने डिपर दिला की तोही नाहीसा होई. बाहेरून गाडी होती तशीच ठेवायची आणि आजच्या रहदारीत सुरक्षितपणे चालवण्यासाठी जे लागेल तेवढेच बदलायचे, हा माझा नियम असल्याने या खेपेस पहिला क्रमांक दिव्यांचा लागला.

बाजारात १००/९० वॅटचे (लांबच्या झोतासाठी १००, जवळच्या झोतासाठी ९०) बल्ब सहज मिळतात आणि दुकानदार तेच पुढे करतो. परंतु जुन्या वायरिंगवर असे बल्ब लावणे म्हणजे स्विच वितळवण्याची तयारी करणे होय. म्हणून आधी मल्टिमीटर हाती घेतला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट मिळत होते, तर बल्बच्या पिनांवर अवघे ११.४. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. एवढ्या घसरणीत जवळजवळ निम्मा उजेड वाटेतच नष्ट होतो. कारण साधे आहे. ५५ वॅटच्या दोन बल्बांना लागणारा सुमारे ९ अँपियरचा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या पस्तीस वर्षे झिजलेल्या स्विचमधून आणि काळवंडलेल्या जोडांमधून जात होता.

उपाय म्हणजे दोन रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच; एक लो बीमसाठी (जवळचा झोत) आणि एक हाय बीमसाठी (लांबचा झोत). जुन्या स्विचने आता केवळ रिलेचे कॉइल चालवायचे, ज्याला अँपियरचा लहानसा अंश पुरतो. बल्बांचा मुख्य प्रवाह बॅटरीपासून फ्यूजमार्गे २.५ चौरस मिलिमीटरच्या नव्या वायरीतून थेट जातो. मूळ वायरिंग कुठेही कापली नाही. हेडलाइटचा जुना सॉकेट रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांना जोडला, म्हणजे उद्या कोणाला मूळ रचना हवी असल्यास दहा मिनिटांत परत करता येईल. बल्ब ६०/५५ वॅटचेच ठेवले.

सगळे जोडून दिवे लावले, तर उजेडात काहीच फरक नाही. अर्धा रविवार मी रिले, फ्यूज आणि क्रिंप (वायरींचे दाबून बसवलेले जोड) तपासण्यात घालवला आणि शेवटी माझा आठवीतला मुलगा म्हणाला, “बाबा, ही काळी वायर रंगावरच बसवली आहे का?” अर्थिंगचा बोल्ट मी खरोखरच रंगवलेल्या पत्र्यावर आवळला होता. रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट बसवून वर ग्रीस लावले आणि पिनांवर १३.४ व्होल्ट आले. या शोधाचे श्रेय त्याने दुपारी आजीकडून आमरसाच्या दोन वाट्यांच्या रूपाने वसूल केले.

पत्र्याचे प्रकरण मात्र अधिक दुःखद होते. चालकाच्या पायाखालची रबरी मॅट उचलली तेव्हा खालचा पत्रा बोटाने दाबला जाऊ लागला. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये तळाचे काम करवून घेतले होते. तेथे गंज काढण्याऐवजी त्यावरच लांबी (पुटी) भरून रंग मारल्याचे आता उघड झाले. पाणी मुळात पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरातून उतरत होते, त्यामुळे आधी ते रबर बदलले. अन्यथा नवा पत्राही दोन पावसाळ्यांत तसाच झाला असता. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, वर्तमानपत्रावर त्याचा नमुना काढला आणि ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून २० गेजचा तुकडा वेल्ड करून घेतला. खालून प्रायमर आणि अंडरकोटिंगचे दोन हात दिले.

ग्राइंडरच्या आवाजावरून सोसायटीत कुरबुर झाली, ती योग्यच होती. सेक्रेटरी काकांशी बोलून रविवारी दहा ते एक ही वेळ ठरली आणि त्या बदल्यात काकांना पुण्यातल्या तळजाई टेकडीपर्यंत एक चक्कर देण्याचे कबूल केले. ते या गाडीला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. ते नाव पन्नाशीच्या दशकातल्या गोलसर फियाटचे आहे, हे त्यांना तीनदा सांगून झाले.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबराची हानी होते, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) बदलला. डायफ्रॅमसाठी नाना पेठेत चार दुकाने फिरूनही हाती काही लागले नाही. शेवटी तो कुर्ल्याहून आला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली. टॅक्सी होत्या तोवर हे सुटे भाग खपत. आता जुना साठा संपला की संपला. गॅस्केट, रबर आणि डायफ्रॅम यांचे दोन-दोन नग आजच घेऊन ठेवावेत, हे पद्मिनीवाल्यांना आग्रहाने सांगतो.

रंगाचा प्रश्न घरात अजून सुटलेला नाही. मला गडद हिरवा हवा आहे. आई म्हणते, यांनी पांढरी आणली, पांढरीच राहील. रंग बदलल्यास आरसी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि गाडीच्या मूळ रचनेतील फेरफारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल पाहता कागदपत्रांत ढिलाई परवडणारी नाही. तूर्त आईचेच म्हणणे मान्य आहे.

गेल्या शनिवारी पार्किंगच्या भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली बसवली आणि रात्री नऊला कात्रजचा जुना घाट चढलो. पुढच्या सलग बाकावर आई मध्ये आणि मुलगा खिडकीशी. वळणावरचे पांढरे दगड या गाडीतून मला प्रथमच वेळेवर दिसले. उतारावर आईने विचारले, “वेग किती आहे रे?” मी खाली पाहिले, तर डॅशबोर्डच्या दिव्यात काटाच दिसत नव्हता. पुढच्या रविवारी ते बल्ब काढायचे आहेत.