दोष बॉयलरचा नव्हता
घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचा थर्मोस्टॅट वाढवूनही खोल्यांतले रेडिएटर थंडच राहिले, तेव्हा बॉयलरला दोष देण्याआधी मी त्याचे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा, मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह तपासला. मोटरच्या तारांपर्यंत वीज येत असल्याचे मीटर दाखवत होता. तरीही व्हॉल्व्हच्या बाजूची, तो हाताने उघडायची छोटी दांडी सरकवताना स्प्रिंगचा ताण हाताला जाणवला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडलेलाच नव्हता. दांडी शेवटपर्यंत नेताच आतला मायक्रोस्विच (व्हॉल्व्ह उघडल्यावर बॉयलर चालू करणारा छोटा स्विच) ‘टक्’ असा वाजला आणि बॉयलर पेटला. स्विच शाबूत होता. मग मुख्य वीजपुरवठा बंद करून व्हॉल्व्हचा वरचा, मोटर असलेला भाग उतरवला आणि व्हॉल्व्हचा स्पिंडल (फिरून व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा) चिमटीत धरून फिरवला, कारण तोच अडकलेला असेल तर नव्या मोटरचाही उपयोग होत नाही (ही तपासणी कधीही टाळू नये). तो सहज फिरला, म्हणजे दोष मोटरचाच होता. पाणी न उपसता केवळ मोटर बदलली.