टॉपर आणि आखडलेला खांदा

माझे केस पुढून गेले नाहीत, वरून गेले. टक्कल म्हटलं की कपाळ मागे मागे सरकत गेलेला पुरुष डोळ्यांसमोर येतो. बायकांचं सहसा तसं होत नाही. कपाळावरची ओळ जागच्या जागी राहते आणि भांग रुंदावत जातो. एरिक लुडविग या त्वचारोगतज्ज्ञाने १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या लिहून ठेवल्यात. मी दुसऱ्या पायरीवर आहे. म्हणजे समोरून बघणाऱ्याला मी ठीकठाक दिसते आणि माझ्यापेक्षा उंच माणसाला माझी टाळू दिसते. मी उंचीला बेताची, त्यामुळे अशी माणसं फार.

रक्त तपासून झालं, थायरॉइड बघून झाला, लोह बघून झालं. मिनॉक्सिडिल लावते. हे औषध मुळात रक्तदाबाचं. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले म्हणून ते फिरत फिरत डोक्यापर्यंत पोचलं. त्याने माझी गळती बरीच आवरली, पण गेलेलं फारसं परत आलं नाही. म्हणून टॉपर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टॉपर म्हणजे अर्धामुर्धा विग. फक्त टाळू झाकेल एवढी जाळी किंवा पातळ कापड, त्यावर एकेक केस गाठ मारून बसवलेला, आणि खालून कडेने दाबल्यावर टक् करून बंद होणाऱ्या क्लिपा. स्वतःच्या पुढच्या केसांमागे तो बसवायचा आणि दोन्ही केस कंगव्याने एकमेकांत मिसळायचे. नीट बसायचा तर जाळी विरळ भागापेक्षा सगळीकडून इंचभर तरी मोठी हवी, कारण क्लिपांना धरायला दाट केस लागतात.

इथेच गोम आहे. ज्या केसांच्या जिवावर टॉपर टिकतो, त्याच केसांना तो दिवसभर ओढत असतो. रोज एकाच जागी ताण बसला की तिथले केस तुटायला लागतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मुळंही कायमची जातात. ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात त्याला. मग पुढच्या वेळी आणखी मोठी जाळी. हे टाळायला मी क्लिपा रोज थोड्या सरकवून लावते, घरी आल्यावर चपलेआधी टॉपर काढते आणि तो घालून कधीही झोपत नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. मिनॉक्सिडिल रात्री लावायचं, ते वाळू द्यायचं, टॉपर सकाळी. दिवसाची अशी वाटणी ठरून गेली आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या कामाला आणि टॉपरला एकमेकांचं अजिबात जमत नाही. पालथा झोपलेला पेशंट मला फार आवडतो. त्याची पाठ दुखत असते आणि त्याला मी दिसत नसते. उताणा झोपलेला मात्र थेट खालून वर बघत असतो. मी त्याचा गुडघा वाकवायला पुढे झुकले की माझे केस पुढे लोंबतात आणि जाळीची पुढची कड किंचित उचलली जाते, नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर. उभं राहून आरशात ती कड कधीच दिसत नाही. म्हणून नवीन टॉपर आला की मी आधी जमिनीवर वाकते, मान हलवते, आणि मुलीला खाली चटईवर आडवी करून विचारते, "आता बघ, दिसतंय का काही?" ती फोनवरून नजर न काढता "नाही" म्हणते. ही चाचणी किती शास्त्रीय आहे ते तुम्हीच ठरवा.

पेशंटला पलंगावरून खुर्चीत बसवताना तर खरी कसोटी. घाबरलेला माणूस आधाराला काहीही धरतो. हात खांद्यावर ठेवा म्हणून सांगितलं तरी तो मानेमागे जातो आणि तिथून केसांत. एकदा एका आजोबांनी अशी काही मूठ आवळली की मागची क्लिप उघडली. आजोबांना वाटलं त्यांनी माझे केस उपटले. ते बिचारे पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले आणि मी एका हाताने त्यांना आणि दुसऱ्याने टॉपरला धरून "काही नाही, काही नाही" म्हणत होते. तेव्हापासून असल्या कामाच्या दिवशी मी टॉपरसकट सगळे केस मागे घट्ट बांधते. छान दिसत नाही, पण हलत नाही.

सुरुवातीला माझा टॉपर कृत्रिम धाग्यांचा होता. तो धुतला तरी त्याचा आकार तसाच राहतो, ही मोठी सोय. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. अवनचं दार उघडताना येणाऱ्या एका झळेत पुढच्या बटा कुरकुरीत होऊन बसल्या, आणि त्या पुन्हा सरळ होत नसतात. मग खऱ्या केसांचा घेतला. तो दिसायला सुंदर, वागायला नखरेल. आमच्याकडे शेकायच्या पिशव्या गरम पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या असतात. झाकण उघडलं की वाफ येते, आणि दमट हवेत प्रक्रिया केलेले केस फुलतात. माझे स्वतःचे खाली चपटे, वरचे फुललेले. दिवसातून अनेकदा ते झाकण उघडावं लागतं. आता ते काम मी शक्य तिथे दुसऱ्यावर ढकलते आणि कारण विचारलं तर चष्म्यावर वाफ धरते असं सांगते. चष्मा आहेच, त्यामुळे खोटंही नाही.

टॉपर वापरायला लागल्यावर मला कळलं की डोक्याची कातडी केसांसाठी किती राबत असते. तिथून तेल पाझरतं आणि केसांवर उतरतं. टॉपरच्या केसांना ते कुठून मिळणार? ते कोरडे पडतात, टोकांना गुंततात, मानेशी कपड्याला घासून त्यांच्या गाठी होतात. कातडी नवा केस देते. माझ्या डोक्यावरून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळाले तरी ते सर्वसाधारण समजलं जातं, कारण त्यांच्या जागी दुसरे येणार असतात. टॉपरमधला एक निघाला की तो गेला तो गेलाच. विंचरताना कंगव्यात आलेला केस आपला की त्याचा, हे मी उजेडात धरून बघते. आपला असला तर हायसं वाटतं! केस गळतात म्हणून रडलेली बाई स्वतःचा केस गळला म्हणून सुखावते, यावर काय बोलणार.

रंगाचंही तसंच. उन्हात टॉपरचा रंग उडतो आणि तो हळूहळू तांबूस होत जातो. माझे केस मात्र मुळाशी पांढरे होत जातात. दोघं उलट्या दिशांना चाललेले. टॉपर गडद रंगवता येतो, पण रंग जाळीला लागला तर फिकट केलेल्या गाठी पुन्हा काळ्या होतात आणि भांगात मिरे पेरल्यासारखे दिसतात. धुताना कोमट पाणी, सल्फेट नसलेला शाम्पू, वरून खाली एकाच दिशेने, चोळायचं नाही, पिळायचं नाही. कंडिशनर फक्त खालच्या लांबीला, कारण गाठींना लागला तर त्या सैल पडून केस निसटतात. एवढं करून खऱ्या केसांचा टॉपर रोजच्या वापरात साधारण वर्षभर काढतो.

मधे काही महिने मी चिकटवायचा प्रकारही करून बघितला. त्यात क्लिपांचा ताण नाही आणि आजोबांची मूठही त्याला काही करू शकत नाही. पण त्यासाठी टाळूवर उरलेले केस भादरावे लागतात. विरळ का होईना, माझे होते. शिवाय रोज घाम येणारं काम. घामाने आणि कातडीच्या तेलाने चिकटपट्टी सुटते, कडेला पांढुरका गिलावा दिसायला लागतो, आतून खाज सुटते आणि वरून खाजवता येत नाही. पेशंटसमोर पेनच्या टोकाने टाळू टोचत उभी राहिलेली फिजिओथेरपिस्ट मी होते. काढताना विरघळवणारं द्रव घालून धीराने सोडवावं लागतं. घाई केली की कातडी सोलते. डिंकातल्या अ‍ॅक्रिलेटची काहींना अ‍ॅलर्जी असते, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दोन दिवस वाट बघायची. माझा कोपर काही म्हणाला नाही, टाळूने मात्र पुढे तक्रार केली. पुन्हा क्लिपांवर आले.

आणि मग खांदा आखडला.

फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, बायकांना जास्त, थायरॉइडवाल्यांना आणखी जास्त. हे मी पेशंटना इतक्या वेळा सांगितलं आहे की स्वतःला सांगताना ऐकूच आलं नाही. आधी हात वर नेताना कळ, मग हात वर जाईनासाच. डोक्यामागे हात नेण्यासाठी तो बाजूने वर उचलावा लागतो आणि खांदा बाहेरच्या बाजूला फिरवावा लागतो. या आजारात नेमक्या याच हालचाली सर्वात आधी जातात. टॉपर लावण्याची अख्खी कृती या दोन हालचालींची आहे. एका हाताने जाळी धरायची, दुसऱ्याने क्लिप आत सरकवून दाबायची, तीही न बघता, डोक्याच्या मागे. एका हाताने ते होत नाही. मी पेशंटला शिकवते तशी युक्ती केली: कोपर टेबलावर टेकवायचे आणि हात वर नेण्याऐवजी डोकं खाली आणायचं. पुढच्या दोन क्लिपा अशा लागल्या. मागच्या दोन काही केल्या लागेनात.

टॉपर आहे हे नवऱ्याला पहिल्यापासून माहीत होतं. लावताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. दार लावूनच ते व्हायचं. त्या दिवशी मी टॉपर हातात घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "अरे, जरा मागचं लावून दे."

त्याने तो आधी उलटासुलटा करून बघितला. "पुढची बाजू कुठली?"

"ज्या बाजूला भांग आहे ती."

"भांग तर मधोमध दिसतोय."

"एका टोकाशी संपतो बघ. ते मागे."

पहिल्या दिवशी त्याने तो असा बसवला की भांग उजव्या कानाच्या दिशेने निघाला. दुसऱ्या दिवशी तो कंगवा घेऊन आला, कंगव्याचा दांडा माझ्या नाकावर उभा धरला आणि एक डोळा मिटून भुवयांच्या मधोमध रेघ साधली. तेव्हापासून भांग सरळ. मी लावायचे तेव्हा एवढा सरळ कधीच नसायचा. क्लिप दाबताना तो दर वेळी "दुखलं तर सांग" म्हणतो, आणि दुखतं ते सांगण्याआधीच, कारण त्याच्या चिमटीत केसांबरोबर कातडीही येते. मीही त्याला शिकवत राहिले: आधी पुढच्या, मागच्या शेवटी, मागच्या लावताना जाळी ताणायची नाही, नाहीतर दुपारपर्यंत डोकं ठणकतं. त्याला कामावर लवकर निघायचं असायचं तेव्हा मुलगी लावायची. ती पटकन लावते, पण निष्ठुर आहे.

तो गावाला गेला आणि मुलीची परीक्षा होती त्या दिवसांत मी डोक्याला रुमाल बांधून कामावर गेले. लपवायचं ठरवलं असतं तर जमलं असतं बहुतेक, पण खांदा असा दुखत होता की कारणं रचायचाही कंटाळा आला. विचारलं त्यांना सांगितलं. एका पेशंट बाईंनी रुमालाकडे बघून आवाज बारीक केला आणि "मॅडम, कॅन्सर?" असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्या थोड्या हिरमुसल्यासारख्या वाटल्या. सहानुभूती तयार ठेवली होती, आता ठेवायची कुठे. पुढच्या वेळी त्यांनी आपला भांग वाकून मला दाखवला. पहिली पायरी, मी सांगितलं.

खांद्यात स्नायूबंध फाटलेला नाही ना हे बघायला एमआरआय झाला. तिथल्या फॉर्मवर अंगावर धातूचं काही आहे का असा प्रश्न असतो, आणि टॉपरच्या क्लिपा धातूच्या. तो काढून घड्याळ आणि बांगड्यांबरोबर ट्रेमध्ये ठेवला. यंत्र चालवणाऱ्या मुलाने ट्रे उचलला, कपाटात ठेवला आणि मला सरळ झोपायला सांगितलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मशीनच्या ठणठणाटात मला मात्र सगळा वेळ एकच काळजी, की बाहेर आल्यावर तो परत लावून कोण देणार. नवरा बाहेर बसला होता. त्याने खिशातून कंगवा काढला.

आता हात बराच वर जातो. मागच्या क्लिपाही लागतात, थोडं कण्हत. सध्याचा टॉपर उतरणीला लागलाय, नवा मागवायचा आहे. या वेळी केस कमी दाट सांगणार आहे. तयार मिळतात ते पंचविशीतल्या मुलीच्या डोक्यावर शोभतील एवढे घनदाट असतात, आणि खाली माझा चेहरा. शिवाय थोडे पांढरे मिसळायला सांगितलेत. खरे पांढरे केस पुरेसे मिळत नाहीत म्हणून अशा वेळी बहुतेकदा कृत्रिम पांढरा धागा घालतात, म्हणजे अवनची भीती परत आली. रंगाच्या नमुन्यासाठी कानामागची, मुळापासून टोकापर्यंतची बट कापून पाठवली आहे. पांढऱ्याचं प्रमाण किती ठेवायचं यावर घरात एकमत नाही. मुलगी म्हणते वीस टक्के, नवरा म्हणतो पाच, आणि बनवणाऱ्यांचा निरोप आलाय की या आठवड्यात कळवा.