उंट एच३ इंजिनला कधी सापडतो?

एकाच बुद्धिबळ इंजिनच्या, म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या, जुन्या आणि नव्या आवृत्तीची तुलना चालू होती आणि सगळा निकाल एका पोझिशनवर येऊन अडला: टोपालोव्ह विरुद्ध शिरोव्ह, लिनारेस १९९८, काळ्याची ४७वी चाल, उंट एच३. जुनी आवृत्ती चार थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या चार शोधांवर) कधी झटकन उत्तर द्यायची, तर कधी ठरलेल्या वेळात द्यायचीच नाही. नवी आवृत्ती बरोबर चाल धरायची, पुढच्या डेप्थला (शोधाच्या पुढच्या खोलीला) सोडायची, मग पुन्हा धरायची. तक्त्यात मात्र दोघींसमोर ‘सुटली’ अशी एकच नोंद होती. बलिदानाच्या पोझिशनवर चाचणी घेणाऱ्याला हा तक्ता काहीच सांगत नाही.

आधी पट मांडून बघा. काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२, एच४. उंट विरुद्ध रंगाचे, त्यामुळे दोन प्यादी जास्त असूनही काळ्याचा डाव बरोबरीकडे झुकतो. काळ्या राजाला एफ५ वरून ई४ गाठायचं आहे, पण वाटेत स्वतःचाच उंट उभा आहे. तो दुसरीकडे कुठे सरकला, तर पांढरा राजा एफ२ वरून ई३ला वेळेत पोचतो आणि वाट बंद करतो. म्हणून उंट एच३! जी प्याद्यानं तो मारला की पांढऱ्याची एक चाल खर्ची पडते. मग राजा एफ५, राजा एफ२, राजा ई४, उंटानं एफ६ मारलं, डी४. आणि ए व डी ही दोन दूरची प्यादी एकटा उंट थोपवू शकत नाही. उंट न मारता ४८. राजा एफ२ खेळलं, तरी राजा एफ५, राजा एफ३, उंटानं जी२ मारून शह, राजानं उंट मारला, राजा ई४, म्हणजे तेच घर मिळतं.

इंजिनला हे अवघड का जातं? उंट फुकट जातोय, त्यामुळे मारामारीचा जमाखर्च मांडणारा हिशेब ही चाल सरळ तोट्यात दाखवतो. ती क्रमवारीत तळाशी जाते आणि तळाच्या चाली कमी खोलीवर तपासल्या जातात. फायदा तर बराच पुढे, प्यादी पळू लागल्यावर दिसतो. स्टॉकफिशसारख्या इंजिनमध्ये समोरच्या पोझिशनमधली चाल पूर्ण छाटली जात नाही, फक्त तिची खोली कमी होते. शोधाच्या झाडात खाली, म्हणजे पुढच्या चालींत, मात्र उरलेली खोली थोडी असेल तर, अशी चाल छाटलीही जाते. म्हणून मी प्रत्येक पोझिशन दोनदा देतो: एकदा बलिदानाच्या क्षणी आणि एकदा त्याआधीची प्रतिस्पर्ध्याची चाल मागे घेऊन. दुसऱ्या वेळी धोका आधी ओळखायचा असतो, आणि प्रत्यक्ष डावात तीच क्षमता कामाला येते.

आता मांडणी. थ्रेड १. एकाहून जास्त थ्रेड असले की ते एकच हॅश टेबल (आधी तपासलेल्या पोझिशनची साठवण) वापरतात, आणि कोण आधी पोचला यावर शोधाची दिशा बदलते. जुन्या आवृत्तीचा लहरीपणा यातूनच आला होता. चार थ्रेड हवेच असतील तर तीच पोझिशन अनेकदा चालवून मधली वेळ घ्यावी. हॅश १०२४ एमबी, दोन्हीकडे सारखं. प्रत्येक पोझिशनआधी हॅश पुसायचं, नाहीतर मागच्या फेरीत शिकलेलं उत्तर पुढच्या फेरीत फुकट मिळतं. मर्यादा सेकंदांत न देता नोड्समध्ये (तपासलेल्या पोझिशनच्या संख्येत) द्यावी, समजा २० कोटी, कारण प्रोसेसर तापला की वेग उतरतो. एक थ्रेड आणि ठरलेले नोड्स असले की निकाल दर वेळी तोच येतो.

सिझिजी टेबलबेस (थोड्या सोंगट्यांच्या पोझिशनची तयार उत्तरं असलेल्या फायली) बंद. इथे पटावर दहाच सोंगट्या आहेत. एच३ आणि एफ६ वरच्या मारामारीनंतर आठ उरतात. आणखी एक मारली की सात सोंगट्यांचं टेबलबेस थेट उत्तर देतं, आणि मग इंजिनऐवजी त्या फायलींचीच परीक्षा होते. मल्टीपीव्ही (किती चाली एकाच वेळी सविस्तर तपासून दाखवायच्या तो आकडा) १ ठेवावा. तो ४ केला तर एकूण वेग घटतो, पण पहिल्या चार चालींना पूर्ण तपासणी मिळते आणि बलिदान बऱ्याचदा लवकर वर येतं. विश्लेषणाला हे फार उपयोगी आहे, तुलनेला नाही.

‘सुटली’ कधी म्हणायचं, हा खरा वाद. माझी अट अशी: चाल शेवटपर्यंत टिकली पाहिजे, गुणांकन नुसती खालची मर्यादा (‘किमान इतका फायदा’) न राहता पक्कं झालं पाहिजे आणि काळ्याचा विजय दिसला पाहिजे. सुटण्याचा क्षण म्हणजे चाल शेवटची धरून पुन्हा न सोडल्याचा क्षण. या अटीवर नव्या आवृत्तीची पहिली झलक बाद झाली आणि तिचा उत्तराचा आकडा बराच पुढे सरकला.

संग्रहातल्या पोझिशन निवडतानाही हीच कडक नजर हवी. कास्पारोव्ह–टोपालोव्ह, वाइक आन झे १९९९, हत्तीनं डी४ मारणं: डाव अजरामर, पण चाचणीला कच्चा. टोपालोव्हनं २४...राजा बी६ खेळून हत्ती नाकारला असता, तर पांढऱ्याला जिंकता आलं नसतं. ईपीडी नोंदीत (चाचणीची पोझिशन आणि अपेक्षित चाल लिहिण्याच्या ओळीत) ती एकमेव विजयी चाल म्हणून लिहिली, तर विजयाचे गुण न देणारं प्रामाणिक इंजिन नापास ठरतं.

लीला या न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या इंजिनसाठी हे आकडे वापरू नका. तिचा एक नोड आणि स्टॉकफिशचा एक नोड यांची तुलनाच होत नाही. तिथे चालींची तपशीलवार आकडेवारी चालू करून त्या चालीला नेटवर्कनं सुरुवातीला किती शक्यता दिली ते पाहावं. ती अगदी थोडी असेल, तर शोध त्या फांदीकडे फारसा वळतच नाही आणि नुसता वेळ वाढवून फरक पडायला फार उशीर लागतो.