एकाच कप्प्यातल्या दोन अँप्यूल

मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख, होऊन मला अकराच दिवस झाले होते. पहाटे पावणेसहाला फोन वाजला. मेडिकल वॉर्डातली रात्रपाळीची सिस्टर रडत होती. "मॅडम, माझ्या हातून होणार होतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

वॉर्डात पोचले तर ट्रेमध्ये दोन प्लास्टिकच्या अँप्यूल, इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या सीलबंद नळ्या. दोन्ही 10 मिलीच्या, दोन्हींतलं द्रव पाण्यासारखं स्वच्छ, मान मोडायची पद्धतही एकच. फरक फक्त बारीक अक्षरांत. एक इंजेक्शनसाठीचं पाणी, दुसरं पोटॅशियम क्लोराइड. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला तिनं पाणी समजून दुसरीच उचलली आणि सिरिंजमध्ये ओढूनही घेतली. कुपीत टाकण्याआधी सवयीनं लेबल पुन्हा वाचलं, म्हणून हात थांबला. पोटॅशियम क्लोराइड सलाइनमध्ये नीट मिसळून सावकाश द्यायचं असतं. तेच सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. रुग्ण शांत झोपला होता. त्याच्या उशाशी उभी राहून मी त्याचा श्वास बघत राहिले.

माझे पाय गळाले ते वेगळ्याच कारणानं. तो कप्पा मला ठाऊक होता.

काही महिन्यांपूर्वी, मी मेट्रनच्या हाताखाली होते तेव्हा, राउंडवर ही दोन्ही औषधं शेजारी शेजारी ठेवलेली मी पाहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये रुग्णसुरक्षेचे 9 उपाय प्रसिद्ध केले, त्यांत नावानं किंवा दिसायला सारखी औषधं आणि पोटॅशियम क्लोराइडसारखी तीव्र क्षारद्रावणं या दोन्हींबद्दल स्वतंत्र इशारे आहेत. तो कागद माझ्या फाइलमध्ये होता. मीटिंगमध्ये बोलायचं म्हणून चार ओळी लिहूनही नेल्या होत्या. समोर मोठे डॉक्टर बसलेले. मनात आलं, यांना सांगणारी मी कोण? कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि त्या रात्री प्रार्थनेत देवाचे आभार मानले, की त्यानं मला पुढे पुढे करण्यापासून राखलं.

याला काय म्हणतात ते मला माहीत होतं. पॉलीन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये कर्तबगार बायकांमधल्या या भावनेवर लिहिलं आणि तिला 'इम्पोस्टर', म्हणजे तोतयेपणाची, भावना म्हटलं: यश मिळालेलं असतं, तरी आतून वाटत राहतं की आपण लोकांना फसवतोय. पण माझ्या भीतीला बायबलमधल्या वचनाचं पांघरूण होतं. 'सौम्य व शांत आत्मा' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. गप्प राहिले की मला आपण सौम्य आहोत असं वाटायचं.

चौकशीची बैठक अकराला होती. त्याआधी मी प्रार्थनेच्या खोलीत बसले आणि खरं सांगायचं तर देवाकडे दुसरं कोणीतरी मागितलं. लगेच बायबलमधला मोशे आठवला, ज्याला देव आपल्या लोकांना गुलामीतून सोडवायला इजिप्तच्या राजाकडे, फारोकडे, पाठवतो. निर्गमाच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायात तो हेच मागतो: दुसऱ्या कोणाला तरी पाठव. त्याआधी त्यानं विचारलेलं असतं, 'मी कोण?' देव त्यावर 'तू लायक आहेस' असं म्हणतच नाही. म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. आणि गणनेच्या पुस्तकात याच मोशेला पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हटलंय. नम्र होता, तरी फारोसमोर उभं राहणं त्याला चुकलं नाही. हे मी कितीदा वाचलं असेल! त्या सकाळी ते अंगावर आलं, कारण आत एक मुलगी नोकरी जाण्याच्या भीतीनं थरथरत बसली होती आणि तिला त्या कप्प्यापुढे मी उभं केलं होतं.

बैठकीत एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सुरुवातच निलंबनानं केली. मी बोलायला लागले तर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नवीन आहात. इथं हळवेपणा चालत नाही." माझा आवाज कापत होता, तो शेवटपर्यंत कापतच राहिला. पण मी त्या दोन अँप्यूल टेबलावर ठेवल्या, लेबलं खाली करून, आणि म्हटलं, "सर, यातलं पाणी कुठलं?"

कोणी हात पुढे केला नाही.

मग मी पर्समधली ती जुनी घडी काढली आणि वाचली. सांगितलं की हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी बोलले नाही. शिक्षा द्यायचीच तर यादीत माझं नाव आधी घाला. जिनं स्वतःची चूक स्वतः पकडली आणि लपवली नाही, तिला आज घरी पाठवलं तर उद्या कुठलीही सिस्टर आपल्याला काही सांगणार नाही. हे बोलताना अधूनमधून शब्द सापडत नव्हते. कुणी मधे बोललं नाही.

तासाभरानं ठरलं: तीव्र पोटॅशियम यापुढे सर्वसाधारण वॉर्डांत राहणार नाही, फार्मसीतून दोन सह्यांवर मिळेल. सिस्टर कामावर राहील. माझ्या गप्प बसण्याची नोंद अहवालात झाली. ती व्हायलाच हवी होती.

दुपारी मी आणि ती दोघी लाल झाकणाचा डबा घेऊन वॉर्डावॉर्डातून फिरलो. ती कप्पे उघडायची, लेबल मोठ्यानं वाचायची, मी मोजायची. संध्याकाळी डबा फार्मसीत दिला. रजिस्टरमध्ये 'जबाबदार अधिकारी' असा रकाना होता. मी तिथं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली हुद्दा.