नऊ नोव्हेंबरचं पान

८ नोव्हेंबर, रात्री उशिरा

माझ्या डायरीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात दिनविशेष छापलेला असतो, घटना, जन्म, मृत्यू, दोन-तीन ओळींत आटोपलेला. खरं सांगायचं तर वर्षभर मी तो वाचत नाही, नजर सरळ खालच्या रिकाम्या जागेवर जाते आणि तिथे आपलं रोजचं रडगाणं सुरू. आज झोप येईना म्हणून उद्याचं पान उलटून बघितलं तर तिथे नुसती चेंगराचेंगरी. जर्मनीत क्रांती १९१८, हिटलरचा फसलेला उठाव १९२३, ज्यूंवर हल्ले १९३८, बर्लिनची भिंत पाडली १९८९, आणि त्याच रांगेत कार्ल सेगन यांचा जन्म १९३४, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं निधन १९६२. मध्ये फक्त स्वल्पविराम. जळणारी प्रार्थनास्थळं आणि एका शास्त्रज्ञाचा पाळणा, दोन्ही सारख्याच टायपात.

लहानपणी मला असल्या तारखांचं भयंकर वेड होतं, वहीच केली होती. डार्विन आणि लिंकन दोघंही १२ फेब्रुवारी १८०९ला जन्मले हे कळलं तेव्हा घरभर सांगत सुटले होते मी. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ला आणि बरोब्बर ३०० वर्षांनी ८ जानेवारी १९४२ला स्टीफन हॉकिंग जन्मला, आणि हॉकिंग २०१८मध्ये गेला तोही १४ मार्चला, म्हणजे आइनस्टाइनच्या वाढदिवशी. तेव्हा वाटायचं की यात नक्की काहीतरी आहे. पण खुद्द हॉकिंगच म्हणायचा की त्या दिवशी अजून दोनेक लाख पोरं जन्मली असतील. आणि गणित तर त्याहून रुक्ष आहे, कुठलीही २३ माणसं एका खोलीत जमवा, त्यातल्या निदान दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच निघते. इथे तर हजारो वर्षांचा इतिहास आणि कोंबायला खण फक्त ३६६, मग होणारच ना गर्दी.

तरी ते ९ नोव्हेंबरचं पान डोक्यातून जाईना. सगळाच योगायोग म्हणून पान उलटायला मन तयार नाही. मग मी एक साधा प्रश्न ठरवला, नंतरच्या माणसाला आधीची तारीख ठाऊक होती का? ठाऊक असेल आणि त्यामुळे तो त्या दिवशी तिथे असेल तर तो योगायोग नाही. बास, एवढीच चाळणी.

आणि आज ८ आहे तर आधी आजचंच बघू. १९२३चा उठाव सुरू झाला तो ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, म्युनिकच्या एका मोठ्या बिअर हॉलमध्ये. फसला. पण सत्ता आल्यावर हिटलर दरवर्षी ८ला त्याच हॉलमध्ये यायचा, जुन्या साथीदारांसमोर भाषण ठोकायचा. आता दरवर्षी ठरलेला दिवस, ठरलेली जागा म्हटल्यावर ते फक्त भक्तांनाच माहीत असणार होतं थोडंच. गेओर्ग एल्सर नावाचा एक साधा सुतार, त्याच्या मागे कुठली संघटना नाही, काही नाही, एकटा. १९३९मध्ये हा तीसेक रात्री त्या हॉलमध्ये लपून राहिला, हॉल बंद झाला की बाहेर यायचा आणि भाषणाच्या जागेमागचा खांब आतून पोखरायचा, पडलेला भुगा गोळा करून गुपचूप बाहेर न्यायचा. खांबात बॉम्ब, त्याला घड्याळ, वेळ लावलेली रात्री ९ वाजून २० मिनिटं. त्या रात्री धुक्यामुळे विमानाचा भरवसा नव्हता म्हणून हिटलरला ट्रेन धरायची होती, भाषण आवरतं घेऊन तो ९ वाजून ७ मिनिटांनी निघाला. बॉम्ब अगदी वेळेवर फुटला. आठ माणसं मेली, हिटलर त्यात नव्हता.

तेरा मिनिटं. मी आत्ता घड्याळ समोर ठेवून तेरा मिनिटं नुसती बसून बघितली, फार मोठा वेळ असतो तो.

एल्सर स्वित्झर्लंडच्या सीमेवर बॉम्ब फुटायच्या आधीच पकडला गेला होता, आणि युद्ध संपायला महिनासुद्धा उरला नव्हता तेव्हा, ९ एप्रिल १९४५ला, डाखाऊच्या छळछावणीत त्याला मारलं. त्याचं नाव माझ्या डायरीच्या ८ तारखेच्या पानावर नाहीये.

९ नोव्हेंबर

दिवस नेहमीसारखाच, लिहिण्यासारखं काही नाही. हे वाक्य लिहिताना फ्रान्सचा सोळावा लुई आठवला, त्याच्या रोजनिशीत १४ जुलै १७८९ला एकच शब्द आहे, 'काही नाही'. लोक हसतात त्याला, पण बिचारा शिकारीचा हिशोब लिहायचा त्या वहीत, शिकार नाही तर काही नाही. त्या दिवशी पॅरिसचा बास्तीय तुरुंग लोकांच्या हाती पडला, क्रांती सुरू झाली, पण ते त्या वहीच्या विषयातच बसत नव्हतं.

असो. १९१८. पहिलं महायुद्ध हरल्यातच जमा, बर्लिनच्या रस्त्यावर लोक, आणि चॅन्सेलर माक्स फॉन बाडेन यांनी सम्राटाची वाट न बघता परस्पर जाहीर करून टाकलं की सम्राटाने गादी सोडली. दुपारी फिलिप शाइडेमान हा पुढारी संसदेच्या कॅन्टीनमध्ये सूप पीत बसला होता, तेवढ्यात बातमी आली की कडवा डावा पुढारी कार्ल लिबक्नेख्त समाजवादी प्रजासत्ताक जाहीर करणार आहे, तर हा तसाच उठला, खिडकीत गेला आणि आधी आपणच प्रजासत्ताक जाहीर करून मोकळा. त्याचा वरिष्ठ एबर्ट यावर जाम भडकला, हे ठरवणारा तू कोण म्हणून. थोड्या वेळाने लिबक्नेख्तनेही राजवाड्यापाशी आपलं वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं ते वेगळंच. एका दुपारी दोन प्रजासत्ताकं, आणि त्यातलं एक अर्धवट राहिलेल्या सुपातून आलेलं.

पाच वर्षांनी हिटलरचा उठाव झाला तो याच क्रांतीवरच्या रागातून, ती करणाऱ्यांना हे लोक 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' म्हणायचे. ९ला दुपारी म्युनिकमध्ये मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, उठाववाल्यांचे सोळा मेले आणि पोलिसांचे चार. पुढे त्या सोळांना हुतात्मे करून दरवर्षी सोहळा सुरू.

आणि इथे माझी चाळणी पहिल्यांदा नीट कामाला आली. १९३८. पॅरिसमध्ये एर्न्स्ट फॉम राट या जर्मन अधिकाऱ्यावर ७ तारखेला एका ज्यू मुलाने गोळ्या झाडल्या होत्या, तो मेला ९ला. ही बातमी पोचली कुठे, तर म्युनिकला, जिथे १५ वर्षांपूर्वीच्या उठावाची आठवण म्हणून पक्षाचे सगळे जुने पुढारी जेवायला एकत्र जमले होते. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने तिथेच भडकाऊ भाषण केलं आणि मंडळी तिथूनच फोनवर बसली, आपापल्या भागाला हुकूम सोडायला. देशभर हजाराहून जास्त सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली-फोडली, दुकानांच्या काचांचा खच, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना धरून छळछावण्यांत टाकलं. फॉम राट ९ला गेला हा योगायोग, पण हुकूम देणारे सगळे त्याच रात्री एकाच हॉलमध्ये हजर होते हा नाही. त्यांना तारखेनेच तिथे आणून बसवलं होतं.

तारीख मुद्दाम धरणारे तर कितीतरी. १५ ऑगस्ट माउंटबॅटनने निवडली ती १९४५च्या १५ ऑगस्टला जपानने शरणागती पत्करली म्हणून. २६ जानेवारी १९५० ही १९३०च्या पूर्ण स्वराज्य दिनावरून. आणि सगळ्यात किळसवाणा नमुना इंग्लंडचा, राजा पहिला चार्ल्स याचं मुंडकं उडवलं ३० जानेवारी १६४९ला, तर पुढे राजेशाही परत आल्यावर त्यांनी त्याला मारणाऱ्या क्रॉमवेलचं मढं थडग्यातून उकरलं आणि १६६१मध्ये नेमक्या ३० जानेवारीला फासावर लटकवलं. मेलेल्याला! तारीख पाळायची हौस किती ती.

उलट बाजूला शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस. दोघंही २३ एप्रिल १६१६ला गेले असं सगळीकडे छापतात, पण तेव्हा स्पेनमध्ये नवं कॅलेंडर होतं आणि इंग्लंडमध्ये जुनं, दहा दिवसांचा फरक. शिवाय सर्व्हान्टिस २२ला गेला आणि २३ला पुरला असं आता मानतात. तारीख एक, दिवस एक नाहीच. तरी जागतिक पुस्तक दिन २३ एप्रिललाच, आणि तो तसाच राहू दे, माझी काही तक्रार नाही.

आता १९८९. हे मला सगळ्यात आवडतं कारण इथे कुणीच काही ठरवलेलं नव्हतं. पूर्व जर्मनीचा प्रवक्ता ग्युंटर शाबोव्स्की संध्याकाळी प्रेस कॉन्फरन्सला बसला, टीव्हीवर लाइव्ह, हातात लोकांना पश्चिमेकडे जायची मुभा देणाऱ्या प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद, जो त्याने धड वाचलेलाच नव्हता. नियम जाहीर व्हायचे होते दुसऱ्या दिवशी पहाटे. पत्रकारांनी विचारलं हे लागू कधीपासून, तो कागद खालीवर करतो, चाचपडतो, आणि म्हणतो की माझ्या माहितीप्रमाणे आत्तापासून, लगेच. झालं. लोक भिंतीकडे निघाले.

भिंतीतल्या बोर्नहोल्मर श्ट्रासे या रस्त्यावरच्या फाटकावर हाराल्ड येगर नावाचा अधिकारी ड्युटीवर होता. समोर गर्दी वाढतेय, तो वरिष्ठांना फोनवर फोन लावतोय आणि तिकडून धड उत्तर नाही. मग हुकूम आला की जे जास्त आरडाओरडा करतायत त्यांना जाऊ द्या, पण त्यांच्या ओळखपत्रातल्या फोटोवर शिक्का मारा, म्हणजे त्यांना परत येता येणार नाही. त्या माणसांना कळलंसुद्धा नाही की हा शिक्का कसला! त्यातली काही थोड्या वेळाने हसत हसत परत आली, पोरं घरी झोपलीयत म्हणाली, आणि मग प्रकरण समजल्यावर रडारड. रात्री साडेअकराच्या सुमारास येगरने फाटक सरळ उघडून दिलं. वरून हुकूम नव्हता. एवढ्या मोठ्या भिंतीचं शेवटी एका थकलेल्या, वैतागलेल्या माणसावर येऊन ठेपलं.

शाबोव्स्कीने तो कागद नीट वाचला असता तर ही गोष्ट १० तारखेच्या पानावर गेली असती.

आणि त्यानंतरचं कुणी छापत नाही ते असं की जर्मनी एक झाल्यावर राष्ट्रीय सण म्हणून ९ नोव्हेंबर सगळ्यात आधी सुचणारी तारीख होती, पण १९३८ त्याच दिवशी, नाचायचं कसं? म्हणून घेतली ३ ऑक्टोबर, १९९०ला कागदोपत्री एकीकरण झालं तो दिवस. कोरडी तारीख आहे पण स्वच्छ आहे. मला पटतं.

कर्व्यांचं राहिलंच. १८५८चा जन्म, १०४ वर्षांचं आयुष्य, विधवांसाठी आश्रम, बायकांचं विद्यापीठ, शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि या सगळ्या धुमश्चक्रीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. माझ्या चाळणीतून ते अलगद खाली पडतात. १९६५च्या ९ नोव्हेंबरलाही अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात तीन कोटी लोक अंधारात बसले होते, कारण काय तर नायगाराजवळच्या एका वीज केंद्रातला चुकीचा सेट केलेला रिले, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारं उपकरण. तेही आपलं उगाच त्या तारखेला.

१० नोव्हेंबर, सकाळी

कालचं पान परत उघडलं. 'बर्लिनची भिंत पाडली १९८९' हे खटकतच होतं. त्या रात्री भिंत पाडली नाही कुणी, फाटकं उघडली, लोक वर चढले, हातोड्यांनी टवके काढले, सरकारी पाडकाम सुरू झालं ते १९९०च्या जूनमध्ये. पेनाने 'पाडली' खोडलं आणि वर बारीक 'उघडली' लिहिलं. मग एक पान मागे जाऊन ८ तारखेला, समासात, गेओर्ग एल्सर, सुतार, १९३९. जागा अपुरी होती, 'सुतार' थोडं खाली उतरलंय.