लीक सेन्सर बसवताना काय काय बघावं लागलं

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. गेल्या पावसाळ्यात आम्ही पुण्याला असताना सिंकखालच्या कनेक्शन पाइपचा नट चिरला. ट्रॉली फुगली ती फुगलीच, शिवाय खालच्या काकूंच्या पीओपीवर हा मोठा डाग. मग लीक सेन्सर घ्यायचे ठरले.

वस्तू साधी. छोटी डबी, बुडाला धातूची दोन टोकं. पाणी दोन्ही टोकांना लागलं की सर्किट पूर्ण होतं आणि भोंगा वाजतो. म्हणजे पाणी डबीपर्यंत पोचलं तरच. म्हणून सिंकखाली तांब्याभर पाणी ओतून बघितलं, तर नळाच्या बरोबर खाली कोरडं ठणठणीत आणि सगळं पाणी मागच्या भिंतीकडं, सिलिंडरच्या कडेला. मिस्त्रीनं ढाळ कुठं दिलाय ते तेव्हा कळलं. डबी तिथं ठेवली. वॉशिंग मशिनमागंही हाच प्रयोग.

वायफायचा सेन्सर थेट राउटरला जोडता येतो, पण बॅटरी लवकर खातो. झिगबी ही दुसरी वायरलेस पद्धत. तिला वेगळा हब, म्हणजे सेन्सरचा निरोप राउटरकडं पोचवणारं यंत्र, लागतो, बॅटरी मात्र टिकते. आम्ही झिगबी घेतला. वळीव आला की आमच्याकडं लाइट जाते. तेव्हा डबीचा भोंगा वाजेल, पण हब आणि राउटर बंद असले तर मोबाइलवर काही येणार नाही. दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले.

आता पुण्यात बसून मेसेज वाचून करायचं काय? पाणी आपोआप बंद व्हायला हवं. मी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा, बघून ठेवला होता. प्लंबरनं तो हातात घेतला आणि म्हणाला, "साहेब, टाकी डोक्यावर दहा फुटांवर. ह्याला प्रेशर कुठनं मिळणार?" बरोबर होतं. दहा मीटर उंचीला जेमतेम 1 बार प्रेशर मिळतं, म्हणजे आमच्याकडं 0.3 च्या आसपास, आणि अशा बऱ्याच व्हॉल्व्हना उघडायलाच ठराविक प्रेशर लागतं. मोटरचा बॉल व्हॉल्व्ह घेतला. त्याला ती अट नाही, शिवाय लाइट नसताना हातानं फिरवता येतो. बसवला टाकीतून खाली येणाऱ्या लाइनवर. महापालिकेची लाइन बंद करून उपयोग नसतो, टाकीतलं पाणी उतरतच राहतं.

पहिल्याच आठवड्यात मावशी फरशी पुसत असताना आरडाओरडा. "दादा, ही डबी कोकलाय लागलीया बघा!" व्हॉल्व्हही बंद झाला होता, आईच्या आंघोळीच्या ऐन वेळेला. आता मावशी आधी डबी ओट्यावर ठेवतात, पुसून झालं की जागेवर.

प्लंबरचं म्हणणं अजून तेच, "गावाला जाताना कॉक बंद करून जावा की, एवढा खर्च कशाला?" तोही करतोच. पण घरात माणसं झोपलेली असताना कॉक कोण बंद करतंय?